‘मुलींना बरं असतं’ म्हणजे कुणाला बरं?

(खोताच्या वाडीत बारावीच्या मुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेलं भाषण)



‘नीट’चे मार्क कळले की गिरगावातल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येतं : एमबीबीएसला नंबर लागत नाही ना, मग होमिओपॅथीला घाला, मुलींना बरं असतं. हे ‘बरं’ म्हणजे नेमकं काय? चिरफाड नाही, रात्रपाळी नाही, पुढच्या खोलीत दवाखाना, आणि कुकरची शिट्टी झाली की उठता येतं. म्हणजे व्यवसाय निवडायचा तो मुलीच्या आवडीनं नव्हे, तर तिच्या भावी सासरच्या सोयीनं!

प्रत्यक्षात बीएचएमएसचं शिक्षण साडेपाच वर्षांचं आहे, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया हे विषयही शिकावे लागतात. एवढं करून बाहेर पडल्यावर दवाखान्याला जागा हवी. गिरगावात पागडीची खोली घ्यायला भांडवल लागतं, आणि घरात भांडवल निघतं ते आधी भावासाठी. मग अनेकजणी छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रीच्या डॉक्टर म्हणून लागतात. रात्रपाळी नको म्हणून घेतलेलं शिक्षण असं रात्रपाळीतच खर्ची पडतं. सलाईन, इंजेक्शन, अँटिबायोटिक सगळं त्यांनी द्यायचं. पगार मात्र एमबीबीएसपेक्षा कमी.

इथे कायदा समजून घ्या. १९९२ साली मुंबईत एका होमिओपॅथ डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली. रुग्ण दगावला. त्याची पत्नी पूनम वर्मा न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जी पद्धत आपण शिकलो नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असा निकाल न्यायालयानं १९९६ साली दिला. पुढे २०१४ साली महाराष्ट्रानं कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट त्यानं मोकळी केली. हा वाद न्यायालयात गेला आणि २०२५ साली त्यावरून डॉक्टरांनी संपही केला. तेव्हा हा अभ्यासक्रम न करता केवळ मालक सांगतो म्हणून इंजेक्शन देणारी मुलगी उद्या कोर्टात एकटी उभी राहील.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी कोणत्याही आजारावर गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं तिनं म्हटलं. आपल्याकडे या पदवीला सरकारमान्यता आहे आणि असंख्य घरांत साबुदाण्यासारख्या त्या गोळ्या विश्वासानं घेतल्या जातात. दोन्ही गोष्टी माहीत असूनच निर्णय घ्या. निर्णय घेतलात, तर आपली मर्यादा ओळखायला शिका. छातीत दुखतंय, गरोदर बाईला रक्त जातंय, ताप उतरत नाही, अशा वेळी पुडी न बांधता रुग्णाला लगेच हॉस्पिटलात पाठवायला हवं.

या व्यवसायात बाईला एक मोठं काम करता येतं, ते ऐकण्याचं. होमिओपॅथ पहिल्याच भेटीत झोप, भीती, पाळी, घरातलं वातावरण सगळं विचारतो. एरवी आपल्या बाईला एवढा वेळ कोण देतं? पण ती ‘नवरा मारतो’ म्हणाली, तर केसपेपरवर नुसतं ‘मानसिक ताण’ लिहून भागणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची, संरक्षण अधिकाऱ्याची, महापालिकेच्या काही रुग्णालयांतल्या ‘दिलासा’ केंद्रांची माहिती तिला देता आली पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

मुलींनो, नोकरी धरताना नेमणूकपत्र लेखी मागा आणि काम काय ते त्यात लिहून घ्या. लैंगिक छळ झाला आणि तिथे दहापेक्षा कमी माणसं काम करत असली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आणि पालकहो, मुलीला होमिओपॅथ करायचंच असेल तर आधी तिला विचारा. ती हो म्हणाली, तर लग्नासाठी साठवलेल्या पैशांतून तिच्या दवाखान्याला जागा घ्या. दारावरच्या पाटीवर नाव तिचं असू द्या, आणि रुग्ण समोर असताना कुकर दुसऱ्या कुणीतरी बंद करू द्या.