तीन गाड्या आणि एक गॅरेज

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, की नोकरी-बढती-बंगला यावर बोलायचं नाही, ज्यात जीव रमला त्यावर बोलायचं. माझ्या वाट्याला गाड्या येणार हे उघडच होतं. आपल्या ग्रुपवर मी फोटो टाकला, की एकच प्रश्न येतो, "तिन्हींत भारी कोणती रे?" इतकी वर्षं मी हसण्याचे इमोजी टाकून वेळ मारून नेली. आता ते जमणार नाही. येत्या मार्चमध्ये आम्ही ऑकलंडचं मोठं घर सोडून लहान घरात जातोय आणि तिथं गॅरेज एकाच गाडीचं आहे. दोन विकायच्या, एक ठेवायची. तेव्हा हा प्रश्न आता माझ्याही घरचा झाला आहे.

आधी एक खुलासा. परदेशात राहतो म्हणजे मी काही धनाढ्य नाही. न्यूझीलंडमध्येही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. जपानमध्येही तसंच. जपानमध्ये गाडी जुनी झाली, की दर दोन वर्षांची 'शाकेन' नावाची तपासणी खर्चिक वाटायला लागते आणि लोक चांगल्या स्थितीतल्या गाड्याही काढून टाकतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीला न्यूझीलंडनं आयातीचे नियम सैल केले आणि या गाड्या जहाजं भरभरून यायला लागल्या. १९९८ मध्ये तर आयात शुल्कही गेलं आणि तिथले गाड्या जोडणारे कारखाने बंद झाले. त्यामुळे माझ्यासारख्या पगारदार माणसालाही जपानी स्पोर्ट्स कार परवडली. गाडीत बसलं, की सगळी बटणं जपानी लिपीत. रेडिओ लावला तर एखाद-दुसरं स्टेशन लागतं, कारण जपानचा एफएम ७६ पासून सुरू होऊन ९० लाच संपायचा आणि आमची बहुतेक स्टेशनं त्याच्या पुढे!

आता एकेक गाडी.

पहिली युनोस रोडस्टर. बाकी जगात हीच माझ्दा एमएक्स-५. १९८९ साली आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, १६०० सीसीचं साधं इंजिन, १२० अश्वशक्ती. आजच्या हिशेबात हे काहीच नाही. पण वजन फक्त ९४० किलोच्या आसपास. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि पुढचं-मागचं वजन जवळपास सारखं. टप बसल्या जागेवरून एका हातानं मागे टाकता येतो. बॅटरी डिकीत आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बॉनेट उघडून बराच वेळ ती शोधत होतो. माझ्या वहीत लिटरला दहा-अकरा किलोमीटरची नोंद आहे. या गाडीचं तेल, ब्रेकपॅड, प्लग, सगळं मी घराच्या अंगणात बदलतो.

दुसरी माझ्दा आरएक्स-७, १९९१ पासूनचं एफडी मॉडेल. हिच्यासाठी तुम्हाला आपल्या शास्त्राच्या तासाला न्यावं लागेल. सरांनी फळ्यावर इंजिन काढलं होतं, आठवतंय? दट्ट्या वर-खाली होतो. हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. या गाडीत दट्ट्याच नाही. झडपाही नाहीत. समोशासारखा फुगीर बाजूंचा त्रिकोण एका लांबट पोकळीत गरगर फिरतो आणि ही चारही कामं एकाच फेरीत होत जातात. याला रोटरी इंजिन म्हणतात. असे दोन त्रिकोण, मिळून फक्त १३०८ सीसी. जोडीला दोन टर्बो, आणि सुरुवातीच्या मॉडेलची ताकद २५५ अश्वशक्ती. १९९१ साली माझ्दानं चार रोटरची गाडी घेऊन ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी.

चालवायला ही गाडी तिन्हींत सगळ्यात सुंदर. इंजिन इतकं लहान आहे, की ते पुढच्या आसाच्याही मागे बसतं. वळणावर नाक असं फिरतं, की जणू तुम्ही मनात आणलं आणि गाडी वळली. पण ती सवडीनं वापरायची गाडी नाही. त्रिकोणाच्या टोकांना जी सीलं असतात, त्यांना तेल लागतं म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडं तेल जाळतं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे यामाहा आरएक्स-१०० होती, त्यांना हे सांगायला नको. टू-टी तेल टाकल्याशिवाय ती कुठे चालायची! फरक इतकाच, की इथं तेल इंजिनातल्याच साठ्यातून जातं. म्हणून पेट्रोल भरलं, की तेलाची पट्टी बघायची. थंड इंजिन सुरू करून, दोन मीटर हलवून लगेच बंद करायचं नाही, नाहीतर प्लग पेट्रोलनं भिजतात. उष्णतेवर सतत लक्ष. लिटरला सहा किलोमीटर मिळाले, तर तो दिवस चांगला. थोडक्यात, घरात एखादे शास्त्रीय गायक मुक्कामाला आहेत असं समजा. गाणं स्वर्गीय, पण पाणी कोमटच हवं.

तिसरी, जिच्या फोटोला ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे येतात ती. निसान स्कायलाइन जीटी-आर, आर-३२. तीही १९८९ ची. २६०० सीसी, सहा सिलिंडर एका ओळीत, दोन टर्बो, २८० अश्वशक्ती. हा २८० चा आकडा त्या काळच्या अनेक जपानी गाड्यांवर दिसेल, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं, की यापेक्षा जास्त ताकद जाहीर करायची नाही. हा अलिखित करार २००४ पर्यंत पाळला गेला. खरी ताकद कागदापेक्षा जास्त असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जीटी-आर साधारणपणे मागच्या चाकांवर धावते. मागची चाकं घसरू लागली, की संगणक पुढच्या चाकांना ताकद पाठवतो, अगदी निम्म्यापर्यंत. किती पाठवली ते दाखवायला डॅशबोर्डवर वेगळा काटा आहे. पावसात वळण घेताना तो काटा उचलला, की कळतं, आपल्याला कोणीतरी सांभाळून घेतलं. ऑस्ट्रेलियात या गाडीनं १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षं बाथर्स्टची शर्यत जिंकली. तिथल्याच लोकांनी तिला 'गॉडझिला' नाव दिलं.

मग हीच भारी, असं तुम्ही म्हणाल. वेगात, हो. पण मालकीचा हिशेब वेगळा असतो. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला आयातीच्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते. १९८९ च्या जीटी-आरला ती २०१४ साली मिळाली. तिकडचे ग्राहक बाजारात उतरले आणि किमती वर गेल्या. मी घेतली तेव्हा ती जुनी गाडी होती, आता ती ठेव झाली. ठरीव किमतीचा विमा आला, चोरीची भीती आली, जास्तीचं कुलूप आलं. बाजारात नेऊन रस्त्यावर लावायची हिंमत होईना. गेल्या वर्षी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जीटी-आर चालवत नाही, सांभाळता." मी वही काढली. वर्षात चारशे किलोमीटर. रोडस्टर, सहा हजार. आरएक्स-७, अकराशे. वाद घालायला जागाच नव्हती.

काहीजण विचारतात, एखादी इकडे का आणत नाहीस? भारताच्या नियमानुसार वापरलेली गाडी आणायची, तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वर जबर शुल्क. माझ्या गाड्यांनी तिशी ओलांडली आहे.

तेव्हा निर्णय सांगतो. जीटी-आर विकायची. तिचे पैसे आमच्या दोघांच्या निवृत्तीच्या खात्यात जातील. नव्या घराचा उरलेला हप्ताही त्यातून फिटेल. आरएक्स-७ ऑकलंडमधल्याच एका तरुण मेकॅनिकला द्यायची, जो रोटरीशिवाय दुसरं काही बोलत नाही. बाजारभावापेक्षा थोडे कमी मिळतील, पण तेलाची पट्टी रोज बघणारा माणूस मिळेल. आणि रोडस्टर ठेवायची.

खोटं बोलत नाही, आरएक्स-७ चं दुःख होणार आहे. पण वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला कळलं, की गाडीची तुलना अश्वशक्तीत करणं हे पाहुण्यांचं काम. मालकानं तीन गोष्टी बघाव्यात. ही गाडी मी किती वेळा बाहेर काढतो? हिचं काम मला स्वतःला किती येतं? आणि शेजारी बसलेलं माणूस किती खूश असतं? थेम्सपासून कोरोमंडेलपर्यंत समुद्राला चिकटून जाणारा एक वळणावळणाचा रस्ता आहे. तिथं वेगाची मर्यादा कुठंही शंभरच्या वर नाही आणि वळणं साठच्या वर जाऊ देत नाहीत. टप उघडा असला, की साठसुद्धा शंभर वाटतात. जीटी-आर तिथं जांभई देते. रोडस्टरमध्ये आमच्या हिला समुद्राचा वास येतो आणि ती स्वतः चालवायला मागते. बाकीच्या दोन तिनं कधी मागितल्या नाहीत.

ज्यांची मुलं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात आहेत आणि अशी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. जपानच्या लिलावाचा मूळ कागद मागा. त्यावर गाडीला गुण दिलेले असतात, आणि तिथं इंग्रजी 'आर' हे अक्षर दिसलं, तर अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी समजा. दुसरं, किलोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. सीटची कड, पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज बघा. आकडा फिरवता येतो, झीज फिरवता येत नाही.

आपल्यापैकी कोणी त्या बाजूला आलात तर जरूर कळवा. एका वेळी एकालाच नेता येईल, कारण सीट दोनच आहेत. उरलेल्यांनी रांगेत उभं राहायचं. रांगेची सवय आपल्याला या शाळेनं लावलेलीच आहे.