साचा आणि मूर्ती

मुंबई विद्यापीठात किंवा आपल्या रायगडमधल्या लोणेरे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारी मुलं ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या दोन शब्दांशी हमखास अडखळतात. पेणच्या मुलांनी तर अडखळायचं कारणच नाही!

त्यांनी गावातला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आठवावा. साचा एक, त्यातून मूर्ती अनेक. साचा म्हणजे क्लास, मूर्ती म्हणजे ऑब्जेक्ट. एका मूर्तीचं पीतांबर पिवळं रंगवलं म्हणून शेजारच्या मूर्तीचं पिवळं होत नाही; प्रत्येक ऑब्जेक्ट आपली माहिती स्वतःपाशी ठेवतो.

आता शाडूची मूर्ती घ्या. ओली असताना तिला कोणी रंगाचा हात लावू देत नाही. आधी वाळली का ते बघायचं, मगच रंग. प्रोग्राममध्येही रंग थेट बदलू द्यायचा नाही; ‘रंगवा’ नावाची मेथड, म्हणजे क्लासमधली कृती, लिहायची आणि वाळल्याची तपासणी तिच्यातच करायची. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच. व्याख्या पाठ करून तो कळत नाही.

क्लास आणि ऑब्जेक्ट वापरून प्रोग्राम लिहिण्याची ही पद्धत 1960च्या दशकात नॉर्वेत जन्मली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांच्या सिम्युला भाषेतून ती सी प्लस प्लसमध्ये उतरली. याच पद्धतीची जावा भाषा 1995 साली आली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री ‘मूर्ती’ नावाचा क्लास लिहा, दोन ऑब्जेक्ट बनवा आणि त्यातला एकच रंगवून बघा.