जीव रमतो ते काम



हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. चार अंकी कोणतीही एक संख्या लिहा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. समजा, ३५२४. हेच अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. मग चढत्या क्रमाने, २३४५. मोठीतून लहान वजा करा, आले ३०८७. पुन्हा तेच करा. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४. आता या ६१७४ वर तीच क्रिया करून बघा, पुन्हा ६१७४ च येतं. तुम्ही दुसरी कोणतीही संख्या घेतली असती, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन पोचला असता.

हे ज्यांच्या लक्षात आलं, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरकी. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. शाळा सुटली की हा माणूस आकड्यांत शिरायचा. डोंबिवली स्टेशनवर काही संख्या सुचल्या, तर त्या स्टेशनच्या नावावरूनच त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. ६१७४ चा शोध १९४९ चा. लहान लहान पुस्तिका ते स्वतःच छापत. पुष्कळ गणितज्ञांना हे सगळं किरकोळ वाटे. मग १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्या कामाबद्दल लिहिलं, आणि जगभरच्या गणितप्रेमींना हे नाव कळलं. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

मी समुपदेशनाचं काम करते. ‘मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही’ हे वाक्य मी विशीतल्या मुलांकडून ऐकते, तसंच पन्नाशीतल्या माणसांकडूनही. त्या वाक्यामागे बहुतेक वेळा एक समजूत असते. आपली आवड आत कुठेतरी तयार, पूर्ण रूपात बसलेली आहे, ती एकदा सापडली की पुढचं सगळं सोपं होईल, आणि ती सापडली म्हणजे नोकरी सोडावीच लागेल. कापरेकरांची गोष्ट मी म्हणूनच आधी सांगितली. त्यांनी बत्तीस वर्षं पगाराची नोकरी केली आणि जन्मभर जीव लावला तो संख्यांना. एकासाठी दुसरं टाकावं लागलं नाही.

तयार आवड सापडण्याच्या कल्पनेवर २०१८ साली मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन हे त्याचे लेखक. आवड ही जन्मजात आणि ठरलेली असते असं मानणारी मुलं नव्या विषयात उत्साहाने शिरत, पण विषय अवघड होऊ लागला की त्यांचा रस आटे. आवड हळूहळू वाढवावी लागते असं मानणारी मुलं त्यामानाने टिकून राहत. माझ्या कामात मला हे रोज दिसतं. तबल्याचा क्लास तीन महिन्यांत सुटतो, मग गिटार, मग फोटोग्राफी. मुलात खोट नसते. अवघड वाटू लागलं म्हणजे ही आपली आवड नव्हेच, असा निष्कर्ष तो फार लवकर काढतो.

मग ओळखायचं कसं? माझा सगळ्यात जास्त विश्वास एका खुणेवर आहे. त्या कामातला कंटाळवाणा भाग तुम्ही कुरकुर न करता करता का? मैफलीत गायला सगळ्यांनाच आवडेल. पहाटे उठून खर्ज लावायला किती जणांना आवडतं? बागेतली फुलं सगळ्यांना हवी असतात, पण तण उपटताना आणि कुंड्यांतली माती बदलताना ज्याला वेळेचं भान राहत नाही, तो खरा बागेचा माणूस. कापरेकरांनी किती वजाबाक्या हाताने केल्या असतील याचा विचार करा.

इथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांबद्दल बोलायलाच हवं, कारण गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये आपल्या तरुणांची उमेदीची वर्षं जात आहेत. मी त्यांना विचारते, तुला तहसीलदार व्हायचंय की तहसीलदाराचं काम करायचंय? शेतरस्त्यांचे वाद, पिकांच्या नुकसानीचे पंचनामे, दाखले, निवडणुकीच्या याद्या, मोर्चे, रात्री-अपरात्रीचे फोन. एक दिवस तालुक्याच्या कचेरीत जाऊन नुसता बसून ये. परत आल्यावर ज्याचे डोळे चमकतात, त्याने जरूर अभ्यास करावा. ज्याला फक्त सरकारी गाडी आणि गावातला सत्कार दिसत होता, त्याने वेळीच दुसरी वाट बघावी, आणि घरच्यांनी त्याला त्याबद्दल टोमणे मारू नयेत. हे मी कळकळीने सांगते.

आणखी एक साधा उपाय आहे. दोन आठवडे एक वही जवळ ठेवा. रोज झोपण्यापूर्वी दोनच गोष्टी लिहा: आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कोणाचं काम पाहून मनात ‘हे मला का जमू नये’ असं आलं. कुणाचा हेवा वाटला तर तोही लिहा, लपवू नका. शेजारणीच्या नव्या फ्रिजचा हेवा वाटणं वेगळं आणि तिच्या हातच्या कशिद्याचा वाटणं वेगळं. दुसरा हेवा बरंच काही सांगून जातो. मोबाइलवर गेलेला वेळ मात्र यात धरू नका. तो संपल्यावर मन ताजं झालेलं असतं की थकलेलं, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे.

नोकरी सोडावी का, हा प्रश्न येतोच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. सगळं सोडून ते नाटकात आले, असं लोक कौतुकाने सांगतात आणि एक मोठा भाग गाळतात. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते रंगभूमीवर होते. पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि पुढे मुंबईत रंगायनमध्ये डॉक्टरकी सांभाळून त्यांनी कामं केली. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं ते त्यानंतर, १९७० मध्ये. त्या निर्णयाच्या मागे कितीतरी वर्षांच्या तालमी होत्या, आणि आपल्याला काय येतं याची जाणकारांकडून झालेली पारख होती. इतकी तयारी आणि घरखर्चाची काही सोय नसेल, तर राजीनाम्याची घाई करू नका. राज्य नाट्य स्पर्धेत बँकेतली, शाळेतली, कारखान्यातली माणसं वर्षानुवर्षं हौशी म्हणून उतरत आली आहेत. त्यांचं प्रेम कमी प्रतीचं आहे असं मला कधीच वाटलं नाही.

पालकांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग सांगते. १९७३ साली प्रसिद्ध झालेला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झालेला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती रेखाटतं ते पाहिलं. बक्षिसाचं आमिष दाखवलेल्या मुलांचा चित्रांवरचा वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. तेव्हा मुलगी गुणगुणताना दिसली, तर लगेच तिला रिअॅलिटी शोचं स्वप्न दाखवू नका. ऐकत बसा. पुन्हा म्हण, एवढंच म्हणा.

आता ज्या श्रोत्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचं करण्यात गेलं, त्यांच्यासाठी, आणि त्यांत बायका जास्त आहेत. तुम्हाला आवड नाही असं नाही, तिला जागाच मिळाली नाही. शाळेत असताना काय करायचात ते आठवा. कविता लिहायचात, खो-खो खेळायचात, पेटी वाजवायचात? तिथूनच सुरुवात करा. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेली वेळ, एक तास. ती वेळ घरात सगळ्यांना सांगा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. घरच्यांनो, त्या तासात चहा तुम्ही करा, आलेला फोन तुम्ही घ्या, आणि ‘आता या वयात कशाला’ हे शब्द तोंडातून काढू नका. दोन-तीन महिन्यांनी जे झालं असेल ते त्या कलेतल्या एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. घरातल्यांना नंतर. घरचे एकतर फार कौतुक करतात किंवा अजिबात करत नाहीत. जाणता माणूस मात्र कुठे चुकलं ते दाखवील, आणि पुढच्या तासाला काय करायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.