कोकाचा भुईकोट



किल्ला म्हटला की मराठी मनापुढे प्रथम डोंगर उभा राहतो. स्पेनमधील सेगोव्हिया प्रांतातल्या कोका या लहानशा गावी जाणाऱ्या प्रवाशाला मात्र चढण लागत नाही. एरेस्मा व वोल्तोया या नद्यांच्या संगमाजवळ, पाइनच्या रानांच्या मुलखात, सपाटीवरच हा किल्ला बांधलेला आहे. आपल्या परिभाषेत तो भुईकोट. डोंगराची उणीव रुंद, खोल आणि कोरड्या खंदकाने भरून काढलेली आहे. पुलावर थांबून खाली पाहिले, म्हणजे तट किती खोलवर उतरला आहे याची कल्पना येते.

पण पाहणारा खिळून राहतो तो विटांपाशी. कॅस्टीलचा राजा दुसरा हुआन याने १४५३ मध्ये आलोन्सो दे फोन्सेका या धर्माधिकाऱ्यास (हाच पुढे सेव्हिलचा आर्चबिशप झाला) किल्ला बांधण्याची अनुज्ञा दिली, आणि पुढील काही दशकांत काम पुरे झाले. पातळ विटा, त्यांमध्ये चुन्याचे जाड थर. विटा कोठे आडव्या, कोठे तिरप्या. बुरुजांच्या माथ्यावरील चर्यांना तर याच विटांनी उभ्या पन्हळी पाडलेल्या आहेत. जंग्यांतून तोफा-बंदुका रोखायच्या त्या भिंतीवर एवढे नाजूक काम कशाला, असा प्रश्न पडावा. ही मुदेखार शैली, ख्रिस्ती राजवटीत राहणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या परंपरेतून आलेली. फोन्सेका घराण्याचे नाव किल्ल्याशी कायमचे जोडले गेले. ज्या समाजाने ही विद्या जोपासली, त्याच्यापुढे मात्र १५०२ मध्ये राणी इसाबेलाच्या फर्मानाने बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. किल्ला पाहताना ही तारीख विसरता येत नाही.

पुढचा इतिहास उपेक्षेचा आहे. एकोणिसाव्या शतकात आतल्या चौकाचे संगमरवरी खांबसुद्धा विकले गेले. अखेर मालक असलेल्या आल्बा घराण्याने विसाव्या शतकाच्या मध्यास ही वास्तू स्पेनच्या कृषी मंत्रालयाकडे सोपविली. डागडुजी झाली आणि तटाच्या आत वनविद्येची शाळा भरू लागली. पाइनचे खोड छेदून राळ गोळा करणे हा या मुलखाचा जुना व्यवसाय. विद्यार्थ्यांना जे शिकायचे, ते तटाबाहेर पाऊल टाकताच समोर उभे होते.