उपमा, रूपक आणि फाटकावरची नोटीस

आमची शाळा सातवीत सुटली. अलंकार आम्ही कारखान्याच्या फाटकावरच्या नोटिसा वाचून शिकलो. ‘कारखाना कुटुंबासारखा आहे’ ही उपमा. कोणत्या बाबतीत सारखा, असे तिला विचारता येते. उत्प्रेक्षेचा ‘जणू’ही निदान कबुली देतो. ‘कारखाना म्हणजे कुटुंबच’ हे मात्र रूपक. ‘सारखा’ गळाला, प्रश्नाला जागा उरली नाही. बोनस मागणारा घरभेद्या ठरला! एका वर्षी आम्ही त्याला भुलून मागणी मागे घेतली. पुढच्याच महिन्यात कपात होऊन चाळीस भाऊ घराबाहेर गेले.

अर्थात आम्हीही सोवळे नाही. ‘मालक म्हणजे जळू’ हे आम्हीच भिंतीवर रंगवले होते. वाटाघाटीला बसलो, तेव्हा जळवेशी बोलायचे काय? मग ‘सारखा’ परत घातला आणि रक्त किती शोषले ते मोजायला ताळेबंद मागितला.