मुळशी ते रेवदंडा: मधलं गाव

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मला विषय दिलाय तो रान आणि दर्या वाचवण्याच्या चळवळींचा. रोह्याजवळच्या आपल्या धाटावात दर्या कुठला, असं कुणी विचारेल. त्यानं कुंडलिका नदीच्या काठानं पाण्यामागे चालत सुटावं, रेवदंड्याच्या खाडीला पोचेल. उलट्या दिशेला गेला, तर थेट मुळशीला.

कोकणातल्या नद्या शिमगा सरला की आटतात. आपली कुंडलिका मात्र भर वैशाखात वाहते, कारण भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं पाणी तिला मिळतं. हे पाणी मूळचं घाटमाथ्यावरच्या मुळा नदीचं. भीमा-कृष्णेतून ते पूर्वेच्या समुद्राला जायचं. मुळशीला धरण बांधून ते अडवलं, घाटाखाली उतरवलं, वीज काढली आणि आपल्या पदरात टाकलं. डोलवहाळचे कालवे, कारखान्यांचे नळ, कोलाडचं राफ्टिंग, सगळं त्याच्या जिवावर चाललंय. या धरणात ज्यांची भातखाचरं बुडणार होती, त्या मावळ्यांनी 1921 साली रामनवमीला सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंग भोगला. लढा हरला. 1927 साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. म्हणजे आपण वापरतो ते पाणी दुसऱ्याच्या बुडालेल्या घरावरून आलेलं आहे.

आता खालच्या टोकाला या. 6 जानेवारी 1989 रोजी केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत आणि राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांना, भरतीच्या रेषेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात पर्यटनाशी संबंधित सोडून कारखाना नको. पर्यावरण कार्यकर्ते श्याम चैनानी आणि त्यांच्या बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपनं किनारा वाचवण्याच्या अशा कामांसाठी वर्षानुवर्षं मंत्रालयांचे उंबरे झिजवले. त्याआधी तीन वर्षं, 1986 साली, जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान फणसाड अभयारण्य झालं. तिथं शेकरू आजही झाडावरून झाडावर उड्या मारतं.

वरच्या टोकाला लढा हरला, खालच्या टोकाला जिंकला. मधलं गाव आपलं. इथं औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, आणि त्यांचं सांडपाणी प्रक्रियेनंतर नळानं खाडीत जातं. एक किलोमीटरची ती रेघ जमिनीवर मारलेली आहे. पाणी पाठीमागून येतं, त्याला रेघ दिसत नाही.

खाडीची रीत नदीहून वेगळी. नदीत टाकलेलं वाहून जातं. खाडीत ओहोटीनं नेलेलं पुढची भरती परत आणते. तेच पाणी मागेपुढे हेलकावत राहतं, जड धातू असले तर गाळात बसतात. त्याच गाळात चिंबोरी बीळ करते, निवटी सरपटते. तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि आपल्या जिताड्याची पिल्लं वाढतात. म्हणून पाणी बिघडलं की प्रयोगशाळेच्या आधी कोळणीच्या टोपलीला कळतं. त्याकडे वेळीच लक्ष दिलं नाही तर काय होतं, ते जपानात दिसलं. तिथं मिनामाटाच्या कोळ्यांचा आजार 1956 साली नोंदला गेला. कारखान्यातून आलेल्या पाऱ्यामुळे तो झाला, हे सरकारनं मान्य करायला 1968 साल उजाडलं. बारा वर्षं लोक तेच मासे खात होते.

कारखान्यांना टाळं लावा, असं सांगायला मी उभा नाही. या सभागृहातल्या अनेकांच्या चुली त्यांच्यावर पेटतात. पण या सगळ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र कसं चालतं, हे आपण जाणून घ्यायला हवं. तिथं घाण खाण्याचं काम सूक्ष्मजीव करतात. एखाद्यानं आपल्या आवारातली पहिली प्रक्रिया टाळून रात्री तीव्र पाणी सोडलं, तर हे जीव मरतात आणि मग नियम पाळणाऱ्यांचंही पाणी तसंच पुढे जातं. तेव्हा प्रामाणिक कारखानदारानंही या कामात आपल्याबरोबर यायला हवं.

करायचं काय? मेलेल्या माशांचे फोटो मोबाइलवर फिरतात, दोन दिवसांनी विसरले जातात. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या पंचविसाव्या कलमात एक साधी तरतूद आहे. कोणत्या कारखान्याला कोणत्या अटींवर सांडपाणी सोडायची परवानगी दिली, याची नोंदवही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ठेवायची, आणि त्या पाण्याची झळ बसणाऱ्या कुणालाही ती कामाच्या वेळेत बघता यायला हवी. झळ बसणारे आपणच. गावातली दहावी-बारावी झालेली चार मुलं आणि खाडीकाठची चार जाणती माणसं मिळून ती वही बघायला जा. अटी उतरवून आणा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. पाण्याचा रंग, वास, तारीख, भरती की ओहोटी, हे एका वहीत लिहीत चला. हरित लवादापुढे आरडाओरड टिकत नाही, अशी वही टिकते.

मुळशीच्या लोकांना आपली खाचरं वाचवता आली नाहीत. त्यांचं पाणी आपल्या हाती आलंय. ते रेवदंड्याच्या कोळ्याच्या हाती देताना जसं आलं तसं द्या, एवढंच मागणं आहे.