भिंतीआड काही घडतच नाही?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

तुरुंगातल्या एचआयव्हीबद्दल बोलायला उभी राहिले की एक प्रश्न हमखास येतो, “बाहेर बायकांचे प्रश्न थोडे आहेत का, की आपण कैद्यांकडे वळायचं?” माझं उत्तर सरळ आहे. कैदी जन्मभर आत राहत नाही. आपल्या तुरुंगांत दर चारांतले सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत. ते जामिनावर सुटतात, घरी जातात. घरी बायको असते. आणि आतही बायका असतातच.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पाहणीत बंद्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 2 टक्के आढळलं. देशातल्या प्रौढांमध्ये ते 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. पुष्कळजण लागण घेऊनच आत येतात, हे खरं. पण ती आत पसरू नये म्हणून काय लागतं, हे ठाऊक आहे: निरोध, स्वच्छ सुया, तपासणी, औषधं. मग अडतं कुठे?

पहिला अडसर नाकारण्याचा. 1994 साली तिहार तुरुंगात निरोध द्यावेत अशी सूचना पुढे आली. तेव्हाच्या कारागृह महानिरीक्षक किरण बेदी यांनी ती नाकारली. निरोध दिले तर समलैंगिक संबंधांना उत्तेजन मिळेल, असं कारण दिलं गेलं. शिवाय कलम 377 होतंच. एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. प्रौढांचे संमतीने होणारे संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं. कायद्याची सबब गेली. “आमच्याकडे असलं काही चालत नाही” हे वाक्य मात्र मी आजही ऐकते. जिथे संबंधच नसतात असं ठरलेलं आहे, तिथे जबरदस्तीची तक्रार कोण नोंदवून घेणार?

दुसरीकडे काय झालं पाहा. त्याच 1994 साली स्वित्झर्लंडमध्ये हिंडेलबांक इथल्या बायकांच्या तुरुंगात स्वच्छ सुया देणारी यंत्रं बसवली गेली. नशा वाढेल, सुयांनी हल्ले होतील, ही भीती तिथेही होती. पाहणीत यातलं काही आढळलं नाही. एकमेकींची सुई वापरणं मात्र पुष्कळ कमी झालं.

दुसरा अडसर गुप्ततेचा. बरॅकमधून एकीलाच रोज औषधासाठी हाक मारली, की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. मग तिचं ताट वेगळं होतं, अंथरूण कोपऱ्यात जातं. ती गोळ्या टाळू लागते. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे तिचं गुपित राखणं हासुद्धा प्रतिबंधच आहे.

तिसरा अडसर सुटकेच्या दिवशीचा. जामीन अचानक होतो. बाई बाहेर पडते ती औषधांविना, कागदांविना. सासर दार उघडेल की नाही या चिंतेत उपचार केंद्र कुठलं सुचणार?

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 2018 पासून लागू आहे. शासनाच्या ताब्यातल्या प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क त्यात दिला आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. पण जिथे उठणंबसणं हुकमावर चालतं, तिथे रांगेत उभ्या बाईने मान डोलावली, तिला संमती म्हणायची का? खाकी वर्दी समोर नसताना, तिच्या भाषेत, नकाराची मोकळीक देऊन विचारायला हवं.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात जाण्याची परवानगी मागू या. तिथे चार गोष्टी विचारू या. निरोध मिळतात का? औषध गुपचूप मिळतं का? तपासणीआधी संमती कोण, कशी घेतं? सुटताना हातात औषधं आणि केंद्राचं पत्र देतात का? उत्तरं लेखी मागू या. “इथे तसलं काही घडत नाही” असं उत्तर आलं, तर तेही लेखी घेऊ या. आपल्या कामाची सुरुवात त्या कागदापासून होईल.